खोकं मिळेल का खोकं?

सायकलवरच्या लांबच्या सहलीत शेवटचा दिवस सोडून बाकी सगळे दिवस सायकल चालवायची असते. शेवटच्या दिवशी खोकं शोधायचं असतं. परत विमानाने जायचं तर पॅडल काढून, हँडल वळवून, चाकांतली हवा सोडून सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवावी लागते. प्रवासवर्णनांत घाट असतात, सूर्यास्त असतात, आदरातिथ्य तर पानोपानी असतं. खोकं कुठेच नसतं. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर म्हणे सायकलचं खोकं विकत मिळतं. जळगावला विमान मिळालं तरी पुष्कळ. 2017 च्या डिसेंबरात ते 'उडान' योजनेतून सुरू झालं, मग बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, आणि आम्हाला हवं होतं तेव्हा सुदैवाने सुरू असण्याच्या अवस्थेत होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मेहुणा. पुण्याहून नाशिक, सापुतारा, नवापूर, नंदुरबार, तोरणमाळ असं करत आम्ही धुळ्याला पोचलो होतो. विमानाची कल्पना मेहुण्याची. "भाऊजी, रजा संपतेय," एवढंच तो म्हणाला आणि तिकिटं काढून मोकळा झाला. तोरणमाळच्या घाटात मीही कोणत्याही वाहनाला हो म्हटलं असतं.

धुळे ते जळगाव साधारण 90 किलोमीटर. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळाची आशा न धरता कर्म करत राहावं, हे ज्या गावात अठरा अध्याय समजावून सांगितलं गेलं, त्याच गावातून मेहुणा दर दोन मिनिटांनी मोबाइलमध्ये 'उरलेलं अंतर' बघत बाहेर पडला. पहिल्या दिवशी हाच माणूस प्रत्येक वडाखाली थांबून फोटो काढत होता. शेवटच्या दिवशी वड आडवा आला तरी त्याला दिसला नसता.

मुकटीजवळ टपरीवर चहाला थांबलो. तिथे बसलेल्या एका आबांनी सायकलींवर बांधलेल्या पिशव्या, आमची हेल्मेटं आणि मेहुण्याची चुस्त चड्डी क्रमाने पाहून घेतली.

"कथाइन उनात?"

"पुण्याहून."

"सायकलवर? काबर?"

या 'काबर'ला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. नवस, पैज, सरकारी योजना, कुणाचा तरी प्रचार, अशा सगळ्या शक्यता आबांनी एकेक करून तपासल्या. किती पैसे मिळतात, तेही विचारलं. उलट आमचेच जातात म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"फटफटी नही का घरमा?"

मेहुण्याने जरा छाती काढून सांगितलं की चारचाकी आहे.

"मंग आते वापस बी सायकलवर?"

"नाही आबा, विमानाने."

आबा उठले आणि आमच्या चहाचे पैसे देऊन आले. आम्ही नको नको म्हणत होतो, पण घरात काहीतरी मोठं बिघडलेल्या माणसांना पैसे काढू देऊ नयेत, एवढी माणुसकी खान्देशात अजून शाबूत आहे.

आबांचं म्हणणं मला पुढे बराच वेळ छळत राहिलं. 1923 साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतल्या तिघांनी ती पूर्ण केली आणि 1928 मध्ये ते घरी परतले. त्यांच्यावर पुस्तक झालं. शेवटच्या टप्प्याला रजा संपतेय म्हणून ते विमानात बसले असते, तर पुस्तकाचं काय झालं असतं कोण जाणे.

डिसेंबरातलं वारं समोरून येत होतं. कापसाच्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या होत्या की रस्त्याकडेच्या बाभळींना बोंडं न येताच कापूस लागला होता. असा एक ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारं थांबायचं आणि त्या क्षणात आम्ही आयुष्याकडे पुन्हा आशेने बघायचो. पारोळ्याला झाशीच्या नेवाळकरांच्या जहागिरीचा किल्ला आहे, भर वस्तीत. एरवी मी तिथे दोन तास काढले असते. "दिसला ना? चला," मेहुणा म्हणाला.

एरंडोलला मात्र त्याने आपण होऊन ब्रेक दाबला, कारण शेवभाजीचा वास आला. हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, अशी तिथली समजूत आहे. पांडववाडा दाखवतात, जवळच्या पद्मालयाच्या परिसरात भीमाने बकासुराला मारलं असंही सांगतात. गाडाभर अन्न एकट्याने संपवून मग कुस्तीला उभं राहायचं, हे मला लहानपणी पटायचं नाही. लाल तर्रीतली शेवभाजी आणि कळण्याची भाकरी समोर आल्यावर पटलं. कुस्तीचं फक्त जमलं नसतं. पुढच्या 30 किलोमीटरांत मेहुणा ज्या सुरात ढेकर देत होता, त्यावरून बकासुर अजून पुरता मेलेला नसावा.

बहिणाबाई चौधरींचं नाव दिलेलं विद्यापीठ मागे पडलं, बांभोरीचा पूल आला, खाली गिरणा, आणि पलीकडे जळगाव. आता टाळ्या नाहीत, हार नाहीत. आता खोकं.

महाराष्ट्रात 2022 नंतर 'एक खोकं मिळेल का?' हा प्रश्न भर बाजारात विचारायची सोय राहिलेली नाही. पहिला दुकानदार हसला आणि "एकच?" म्हणाला. नव्या गिअरच्या सायकली अर्धवट जोडलेल्या अवस्थेत खोक्यातून येतात, त्यामुळे खोकी सायकलच्या दुकानात असणारच, असं आमचं शहरी गणित. पण ती सगळी नेमकी कालच रद्दीवाल्याला दिली गेलेली होती. चारही दुकानांत. रद्दीवाल्याने ती कालच पुढे दिली होती. जळगावात काल हा दिवस फार कामाचा गेला असावा.

"खोकं कायले पाहिजे? ट्रॅव्हल्सच्या टपावर टाका ना भाऊ, सकाळी पुण्यात!" हा सल्ला प्रत्येकाने दिला आणि तो बिनतोड होता. पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसमधून इथली अर्धी शेती जाते: गहू, वांगी, डाळी, पापडाचे डबे. पोरं पुण्यात नोकरीला, आणि त्यांची जेवणं अजून गावाकडूनच. विमान म्हणजे या सुरळीत व्यवस्थेचा अपमान होता.

शेवटी एका टीव्हीच्या दुकानात 55 इंची टीव्हीचं खोकं दिसलं. लांबी-उंचीला अगदी बेताचं. मालक म्हणाले, "टीव्ही घ्या, खोकं फुकट." बरीच घासाघीस झाली, टीव्ही न घेता दोन खोकी मिळाली, आणि घासाघिशीत मालकांचा भाचा पुण्यात आमच्याच भागात राहतो हे निघाल्यावर चहाही मिळाला. उरला प्रश्न आतल्या भरावाचा. तो केळीच्या एका व्यापाऱ्याने सोडवला. इथली केळी 2016 पासून भौगोलिक मानांकनाची आहेत. परदेशी जाताना फण्यांमध्ये फोमचे पातळ ताव घालतात, डाग पडू नये म्हणून. ते ताव त्यांनी गठ्ठाभर दिले. सायकलीला एवढा मान तिच्या आयुष्यात मिळाला नव्हता. "आखाती देशात जातात यात," ते म्हणाले, "पुण्याचं काय घेऊन बसलात!"

सगळं साहित्य लॉजच्या खोलीत टाकून आम्ही भरीत खायला गेलो. चूक ती नव्हे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं थंड होऊ देणं ही चूक असते. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या पुऱ्या. ही वांगीही मानांकनवाली. परत येऊन मेहुण्याने पाना हातात घेतला, पॅडलकडे पाहिलं आणि "भाऊजी, जरा पाच मिनिटं" म्हणून आडवा झाला. डावं पॅडल उलट्या बाजूने सुटतं, हे मला एकट्याला, मध्यरात्री, घामेजल्या हातांनी सिद्ध करावं लागलं.

तेव्हा जळगावहून सायकल विमानाने नेणार असाल तर एवढं ऐका. खोक्यासाठी धुळ्याहूनच फोन करा, पाने हातातल्या पिशवीत ठेवू नका, आणि सायकल आधी बांधून मगच भरिताला बसा. भरितानंतर जळगावात कोणतंही काम होत नाही.