थय आंबो होतो

भाऊंचं आडनाव लिहून उपयोग नाही. फोंडाघाटात आडनावावर माणूस सापडत नाही. एका वाडीत एकच आडनाव, त्यात सुरेश तीन, आणि तिघांपैकी दोघांच्या बापांचं नावही एकच. म्हणून कुणी बावीकडचो, कुणी मळ्यातलो, कुणी नुसताच 'मुंबयवालो', मग मुंबई सोडून त्याला पंचवीस वर्षं का झालेली असेनात. आमचे हे स्टँडाकडचे भाऊ. त्यांचं घर स्टँडाकडे नाही, चांगलं लांब, वाघेरीच्या बाजूला आहे. पण सकाळी आठापासून जेवणाच्या वेळेपर्यंत आणि दुपारची झोप झाली की दिवेलागणीपर्यंत ते एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलातल्या बाकावर असतात. बाक रस्त्याकडे तोंड करून आहे. हॉटेलवाल्यानं एकदा तो आत वळवून ठेवला होता. भाऊ त्या दिवशी चहा न पिता उठले. दुसऱ्या दिवशी बाक होता तसा.

देवगडहून निपाणीला जाणारा रस्ता आमच्या बाजारपेठेतून घाट चढतो. नवखा माणूस विचारायला थांबतो तो इथेच, कारण वर लागला की दाजीपूरपर्यंत विचारायला गव्यांखेरीज कोणी नाही. तो थांबायच्या आधीच भाऊ त्याला ओळखतात. गाडी मंदावली, काच अर्धी उतरली, आतल्या बाईनं मोबाइल उभा-आडवा फिरवून पाहिला, की भाऊ बशी खाली ठेवतात.

वाट मात्र ते लगेच सांगत नाहीत. खयचो, कोणाचो, कोणाकडे आणि कशाक, एवढं कळल्याशिवाय त्यांची जीभ हलत नाही. परवा कणकवलीहून पार्सलवाला पोरगा आला. मोटारसायकलच्या मागे त्याच्याहून मोठी पिशवी, अंगभर लाल धूळ. त्यानं नाव सांगितलं.

"ह्या नावाचे पाच आसत. बापाशीचा नाव काय?"

"ता लिवललां नाय."

"मगे हाडलंस कशाक? बघू, हय दी."

भाऊंनी खोकं हातात घेतलं, उलटं केलं, कानाशी धरून हलवलं. "मिक्सर. म्हणजे मळ्यातल्याकडचो. गणपतीत त्यांचो मिक्सर जळललो. पैशे दिललेले आसत काय घेवचे आसत?"

"घेवचे आसत."

"मगे आत्ता जाव नको. तो कामार गेलो. बायलेकडे पैशे नाय गावायचे. चार वाजता जा."

पोरगा रडकुंडीला आला. त्याला चारपर्यंत हरकुळही उरकायचं होतं. मग भाऊंना दया आली आणि त्यांनी वाट सांगायला घेतली.

"ह्यो रस्तो सरळ धर. फुडे व्हाळ लागतलो. व्हाळात पाणी नाय, पण व्हाळ आसा. साकव सोडलंस काय डाव्या हाताक वळ. थय आंबो होतो."

"होतो म्हणजे?"

"तोडलो रे, रस्त्याच्या कामात. पण जागा कळता. आंब्याकडसून घाटी चढ. वयर कुत्रो भुकत येतलो. भियाव नको, येवंदे. कुत्रो इलो म्हणजे वाट बरोबर. नाय इलो तर चुकलंस, परत फिर."

पोरगा गेला. थोड्या वेळानं वरच्या अंगाला कुत्रं भुंकलं आणि भाऊंनी समाधानानं दुसरा चहा सांगितला.

भाऊंच्या सगळ्या खुणा अशाच. निम्म्या मेलेल्या, निम्म्या हलणाऱ्या. पडलेला फणस, बंद झालेली गिरण, 'निळो दरवाजो' (गेल्या दिवाळीत हिरवा झाला), आणि एका घराच्या बाबतीत तर 'खळ्यात म्हातारी बसलेली दिसतली.' म्हातारी आत गेली असली की ते घर नकाशावरून नाहीसं. अंतराचंही तसंच. 'हयच' म्हणजे चालत पाव तास. 'तसा लांब नाय' म्हटलं तर गाडीत पेट्रोल पाहून घ्यावं. आणि 'जरा फुडे' कुठे संपतं हे माझ्या पाहण्यात कुणालाही कळलेलं नाही.

बरं, भाऊंना हसावं, तर दुसरं आहे तरी काय? घराला नंबर आहे, पण तो घरपट्टीपुरता. ज्या क्रमानं नोंद झाली त्या क्रमानं पडलेला. ८७ च्या शेजारी ४१२, आणि भावांनी चुली वेगळ्या केल्या की ४१२ अ. लोरे नंबर एक कणकवली तालुक्यात, लोरे नंबर दोन वैभववाडी तालुक्यात. मुंबईहून आलेल्या एका जावईबापूंनी तो घराचा नंबर समजून वाडीत पहिल्या घरापासून मोजायला सुरुवात केली होती. कुर्लीचं तर विचारूच नका. जुनी कुर्ली देवघर धरणात गेली आणि माणसं इकडे फोंड्याच्या हद्दीत आणून वसवली, ती नवीन कुर्ली. मोबाइलातल्या बाईला यातलं काही ठाऊक नसतं. ती एखाद्याला बिनदिक्कत पाण्याच्या काठावर नेते आणि गोड आवाजात सांगते, तुम्ही पोहोचलात. तो माणूस परत येऊन बाकासमोर उभा राहिला की भाऊ फक्त "इलंस?" म्हणतात. त्या एका शब्दात केवढी तृप्ती असते!

२०२४ च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि तिकडची पुष्कळ गाडी फोंड्यावरून वळली. गाव वैतागलं. भाऊंना मात्र दुपारची झोप मिळेना आणि त्यांची तब्येत सुधारली. घाटावरच्या ड्रायव्हरांशी ते कोल्हापुरीत बोलत, "सरळ जावा की, भ्यायचं न्हाई," आणि मुंबईकरांशी पुस्तकी मराठीत. एवढी भाषांतरं करूनही वाट मात्र सर्वांना आंब्यावरूनच.

मुलानं मुंबईहून चांगला मोबाइल पाठवला आणि लोकेशन पाठवायला शिकवलं. भाऊंनी पंप बसवायला येणाऱ्या माणसाला लाइव्ह लोकेशन पाठवलं आणि स्वतः बँकेच्या कामासाठी कणकवलीच्या एसटीत बसले. पंपवाला निम्म्या वाटेत आला, तर ठिपका त्याच्याच अंगावरून मागे गेला. प्रामाणिक माणूस. त्यानं टेम्पो वळवला आणि ठिपक्यामागून मोटर घेऊन पुन्हा आपल्याच दुकानासमोर येऊन उभा राहिला. "तांत्रिक चूक" असा भाऊंचा निकाल आहे.

पिनकोडावर मात्र त्यांचं प्रेम आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि तो आखणारा माणूस मराठी, पोस्टातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. आमचा ४१६६०१. त्यातले पहिले तीन आकडे कोल्हापूरचे, म्हणून निम्मी पार्सलं आधी घाट चढतात आणि मग उतरतात, हा त्यांचा सिद्धांत. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन काढला. देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा पत्ता. पेपरात ते वाचून भाऊ बराच वेळ गप्प होते.

"चार बाय चार? म्हणजे खळ्याक एक, माजघराक एक, गोठ्याक एक?"

"तसंच."

"आणि वाटपाचो दावो अजून कोर्टात आसा ता? माजघराचो नंबर कोणाक देतले?"

याला टपाल खात्याकडे उत्तर असेल असं वाटत नाही.

मे महिन्यात एक स्थळ यायचं होतं. मुलाकडची मंडळी कल्याणहून रात्री निघाली, मुलीचे वडील सकाळपासून भाऊंच्या बाकाशेजारी उभे. आम्ही बोलताना घाट गाळतो, नुसतं 'फोंडा' म्हणतो. ड्रायव्हरनंही तेवढंच टाकलं आणि बाकीचे झोपले. नांदगाव गेलं, कणकवली गेली, सावंतवाडी गेली. फोन आला तेव्हा ते शंभरावर किलोमीटर पुढे, गोव्यातल्या फोंड्याजवळ होते.

"समोर काय दिसतं?" भाऊंनी पुस्तकी मराठी काढली. "मोठी दीपमाळ? तळी? अहो, मग मंगेशी ती. आता गेलाच आहात तर आधी नारळ ठेवा. पुढे कवळ्याला शांतादुर्गा, तीही करून घ्या. शुभ कामाला निघालात. कवळ्याला आमच्या आतेचा नातू आहे, मी फोन करतो, जेवण त्याच्याकडे. त्याचं घर सापडायला जरा कठीण. असं करा, देवळाकडून निघालात की डाव्या हाताला…"

पुढची दहा मिनिटं मुलीचे वडील कधी भाऊंकडे तर कधी घड्याळाकडे बघत होते. शेवटी भाऊंनी फोनवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे वळले.

"सांजपर्यंत येतत. घरी सांग, पोहे आत्ताच भिजवू नको."