कुलूपबंद भट्टी

चामोर्शी तालुक्यात चुलीवरच्या भाताच्या गंजाला कधी कुलूप लागलं नाही. आता मात्र काही स्वयंपाकघरांत ओव्हन स्वतःच कुलूप लावून घेतं. स्वतःची सफाई करणारं हे यंत्र दार बंद करतं, आत ४५०-५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, चिकटलेल्या तेलकटाची राख करतं आणि निवल्याशिवाय दार सोडत नाही. इथवर शहाणपणच आहे.

पण दाराची आकडी एक छोटी मोटर फिरवते, आणि आकडी जागेवर बसली की नाही याची खबर चिमुकला स्विच बोर्डाला देतो. मधेच वीज गेली (आणि ती जातेच!) की मोटर अर्ध्यात अडकते, स्विच गप्प बसतो आणि वीज परतली की बोर्ड पडद्यावर एक अक्षर न् एक आकडा टाकून मोकळा होतो. इतका आटोपशीर नकार सरकारी कचेरीतही मिळत नाही.

तक्रार नोंदवा, फोनवरचा आवाज विचारणार, "चामोर्शी म्हणजे चंद्रपुरात कुठे?" गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, ही बातमी तिकडे पोचायची आहे. मेकॅनिक 'दोन दिवसांत' येणार; ते दोन दिवस कुठल्या पंचांगातले, हे वैनगंगेकाठचा मार्कंडेश्वरच जाणे.

तोवर ओव्हन पूर्ण निवू द्या, एमसीबी पाडा, पाचेक मिनिटांनी चढवा. अनेकदा आकडी आपसूक सरते. नाहीच सरली तर पेचकस खुपसू नका, काच फुटेल. आणि सणाच्या आदल्या दिवशी ते सफाईचं बटण दाबूच नका.