दाजी, पाखरं आणि परतीचा पाऊस

निफाड तालुक्यात गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावर जरा वेळ उभं राहिलं, की मोटारसायकल थांबतेच. गाडीवरचा माणूस आधी दुर्बीण बघतो, मग हातातली वही, आणि आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, एकरी काय धरलंय?" सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी याच तालुक्यातून गेलेली, निफाड कारखान्याच्या जागेवर ड्रायपोर्ट होणार होणार म्हणून कधीची चर्चा. तेव्हा वहीत काहीतरी टिपून घेणारा परका माणूस भूसंपादनाचाच असणार, हा हिशेब काही वावगा नाही. "पक्षी बघायला आलोय," असं सांगितलं, की त्याची खात्रीच पटते. इतकी कच्ची थाप सरकारी माणसाशिवाय कोण मारणार?

वास्तविक मी गोदाकाठच्या एका घरचा जावई. जावयाने सासुरवाडीला जाऊन काय करावं हे ठरलेलं आहे. जेवावं, झोपावं, उठून पुन्हा जेवावं, आणि निघताना गाडीत कांद्याची गोणी टाकू द्यावी. पहाटे उठून चिखलात उभं राहणं यात कुठे बसत नाही. सासऱ्यांची गावात जी पत आहे ती सोसायटीच्या थकबाकीतही टिकली. जावयाच्या दुर्बिणीपुढे टिकेल का, अशी घरात काळजी आहे.

नांदूर मध्यमेश्वरचं पाणी मुळात पक्ष्यांसाठी कोणी अडवलेलं नाही. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बंधारा घातला तो कालव्यांसाठी. दोन्ही नद्यांनी इमानेइतबारे गाळ आणून टाकला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उठली, पाणकणीस माजलं, आणि धरण म्हणून जे बिघडत गेलं ते पाणथळ म्हणून सुधारत गेलं. 1986 साली अभयारण्य झालं. इराणातल्या रामसर गावी 1971 साली पाणथळ जागांचा जो करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव लागल्याचं 2020 च्या जानेवारीत जाहीर झालं, ते याच जागेचं. गाळाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाल्याचं माझ्या ऐकिवातलं हे एकच प्रकरण. ही बातमी मी मोठ्या अभिमानाने घरात सांगितली तेव्हा धाकट्या मेव्हण्याने विचारलं, "दाजी, म्हंजे नदीवर मोटर टाकायला आता परवानगी इराणची काढायची का?"

पाण्याचा कारभार इथे असा आहे, की खालचे कोपरगाव-राहात्याचे कालवे, पलीकडे वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवा, आणि त्याच्याही खाली जायकवाडी, सगळ्यांचे डोळे याच पाण्यावर. आवर्तन कधी सुटणार यावरून मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात. या भांडणात पक्ष्यांचा कोणी वकील नाही, पण पाणी खाली गेलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार लगेच ताबा घेतात.

लोक इथे डिसेंबर-जानेवारीत येतात. निफाडचा पारा तेव्हा राज्यात सगळ्यांत खाली घसरलेला असतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात झळकतो, आणि पाण्यावर पट्टकादंब, तलवार बदकं, चक्रवाक अशी सगळी मंडळी ठेवणीतले कपडे घालून हजर असतात. पण त्यात बघायचं काय? ते तर दिसतंच. खरी कसोटी सप्टेंबरअखेरीपासून दिवाळीच्या आगेमागे, पाहुणे उतरत असताना. विणीनंतर नर बदकांनी रंगीत पिसं टाकलेली असतात आणि नवी अजून यायची असतात. थापट्याचं हिरवं डोकं नाही, तलवार बदकाची लांब शेपटी नाही. नर, माद्या, पोरं, सगळी एकजात मळकट तपकिरी. पुस्तकातलं चित्र म्हणजे लग्नातला फोटो, आणि समोर उभा माणूस रात्रभर एसटीने आलेला.

मग चोचीवरून ओळखायचं. थापट्याची चोच टोकाशी पसरट असते, लांबूनही चुकायची नाही, असं पुस्तक म्हणतं. ती दिसली तर. थापटे एकामागे एक गोल फिरत पाणी गाळतात, आणि गाळताना चोच पाण्यात असते. मी उन्हं चढेपर्यंत त्यांनी मान वर करायची वाट बघतो. ते मान वर करतात तेव्हा माझ्या चष्म्यावर वाफ धरलेली असते.

बदकं निदान आकाराने तरी मोठी. तुतवारांची जमात म्हणजे शुद्ध मनस्ताप. सगळे राखाडी-तपकिरी, सगळे चिखलात, सगळे पाठमोरे. एकाच्या खांद्यापुढे पोटाचा पांढरा रंग वर चढलेला असतो आणि तो सारखा बुडखा हलवतो, हा त्यातल्या त्यात सज्जन. बाकीच्यांची कंबर पांढरी आहे की नाही हे ते उडाल्यावर कळतं. म्हणजे ओळख पटायची ती पक्षी निघून गेल्यावर.

चापडगावच्या मनोऱ्याकडे गावातलीच पोरं तिपायीवरची मोठी दुर्बीण घेऊन गाईडचं काम करतात. दुर्बीण आपल्यासाठी, त्यांना ती लागत नाही. "सर, ती पाणवेल दिसली? तिच्या डावीकडं दोन हात, पाणलावा बसलाय." पाणलावा हा पक्षी देवाने वाळक्या गवतातूनच कापून काढलेला. मी आधी पाणवेल शोधतो, मग दोन हात डावीकडे सरकतो, तोवर वारा सुटतो आणि पाणवेल चालू लागते. पाणलावा जागचा हललेला नसतो, निशाणीच पलीकडच्या काठाला निघालेली असते. पोरगं सभ्य आहे. "दिसला ना सर?" म्हणतं. मीही सभ्य आहे.

एवढ्यात पाणकणसावरून दलदल ससाणा तरंगत येतो आणि पाण्यावरचे सगळे वारकरी, सगळी बदकं एकदम उठतात. मोजत आणलेला आकडा त्यांच्याबरोबर जातो. वहीत मी 'बरेच' असं लिहितो. माझ्या वहीत 'बरेच' हा आकडा फार वेळा येतो.

पाच ते बारा नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा सालिम अलींच्या. "सप्ताहाला जातोय," म्हटल्यावर सासूबाईंना पहिल्यांदा जावयाचं कौतुक वाटलं. "बरं केलं जावईबापू. काल्याचं कीर्तन कोणाचं ठेवलंय?" मी सांगितलं, कीर्तन नाही, पक्ष्यांची मोजदाद आहे. त्यांनी नुसतंच लेकीकडे बघितलं.

बिबट्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तालुक्यात ऊस आहे, उसात बिबटे आहेत, आणि कमरेत वाकून, आवाज न करता, उसाच्या कडेकडेने एकट्याने सरकणं हे पक्षीनिरीक्षणाचं मूळ तंत्र. मेव्हण्याने एकदाच समजावलं, "दाजी, तुम्ही त्याच्यासाठी ताट वाढून घ्यायलेत." तेव्हापासून मी उसाजवळून मोठमोठ्याने खाकरत जातो. बिबट्या येत नाही, पक्षीही येत नाहीत.

मात्र आमच्यातला खरा तिढा पावसाचा आहे. ऑक्टोबर म्हणजे इथे गोड्या छाटणीचा महिना. छाटणी झाली, काड्यांना पेस्ट लावली, की तिथून दिवस मोजायचे. डोळे फुटतात, पोंगे निघतात, त्यात इवलासा घड दिसू लागतो, आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस गाठतो. घड जिरतात, डावणी येते, ट्रॅक्टर रुततो म्हणून औषध मारता येत नाही, आणि औषध मारलं तर वरून धुऊन जातं. वर्षाचं सगळं कर्ज त्या पोंग्यात असतं. मेव्हणा मध्यरात्रीही अंगणात खाटेवर बसून मोबाईलवर ढग बघत असतो. शेजारच्या खाटेवर मीही ढगच बघत असतो. चार सरी आल्या तर काठाकाठाने चिखल होईल, नवे तुतवार उतरतील, असा विचार मनात असतो आणि पोटात त्याच घरची भाकरी असते. "येऊ नये बाबा पाऊस," असं मी मोठ्याने म्हणतो. मोठ्याने म्हटलेलं खरं मानायची घरात पद्धत आहे, म्हणून आमचं नातं टिकलंय.

आमच्या दोघांमध्ये तडजोड झाली ती एका धोब्यावर. वीतभर लांबीचा, पिवळ्या पोटाचा हा पाहुणा मध्य आशियाकडून येतो आणि अभयारण्य, रामसर असलं काही न विचारता कांद्याचं उळं टाकलेल्या वाफ्यात उतरतो. चार पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, शेपटी वरखाली करतो, ठिबकच्या नळीवर चढतो आणि थेंबाशी जमलेली चिलटं एकेक करून टिपतो. शेजारून ब्लोअर घोंघावत गेला तरी नळीवरून फक्त पलीकडच्या नळीवर. बुलबुल आणि भोरड्यांनी द्राक्ष फोडलेली बघितल्यापासून मेव्हणा पाखरू म्हटलं की फटाक्याची लड काढतो. हा मात्र काही मागत नाही, उलट किडे खातो, म्हणून त्याला मळ्यात मोकळीक मिळाली.

पुढचं गणित मेव्हण्याने स्वतःच्या डोक्याने मांडलं. हे पाखरू आलं की पाऊस जातो. एवढ्या लांबून, एवढे डोंगर ओलांडून येणारं जनावर हवामान बघूनच निघत असणार. मोबाईलमधल्या ढगांपेक्षा ते बरं. एका सप्टेंबरात धोबी दिसला आणि त्याने दोन एकराचा प्लॉट आगाप छाटला. धोबी दिवसभर वाफ्यात खेळत होता. बरोबर पोंग्यात पाऊस आला आणि मुक्कामाला राहिला. धोबी त्या पावसातही वाफ्यातच होता, जरा जास्तच खुशीत. घड किती जिरले ते मी विचारलं नाही. जेवताना ताटातलं तूप कमी झालं होतं, त्यावरून अंदाज आला.

यंदा सप्टेंबर संपता संपता त्याचा फोन आला. "दाजी, तुमचं पाखरू आलंय बरं का."

"मग? छाटणी घेतोस का?"

"छे! मी थांबलोय. शेजारच्या नानांना सांगितलं पाखराचं, त्यांनी कालच घेतली. बघू पंधरा दिवस त्यांच्या प्लॉटचं काय होतंय, मग ठरवू."