वर्ग आहे की मंडई?

गलका वाढला की बाई टेबलावर डस्टर आपटतात आणि विचारतात, "हा वर्ग आहे की मंडई?" मराठी शाळेतलं हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. शुक्रवार पेठेतल्या एका बाईंनी ते बावीस वर्षं विचारलं. उत्तर द्यायचं नसतं, हे मुलांनाही ठाऊक असतं. पण 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग घरी आला, आणि बाईंच्या खिडकीतून तर मंडईचा मनोरा दिसतो. एकदा सवयीने तेच वाक्य तोंडून गेलं. पडद्यावरच्या एका चौकटीत कुणीतरी माइक चालू केला. "मंडई, बाई."

सुरुवातीचे महिने फसवे होते. पेठा सील, गाळे बंद, ऐकू यायची ती कबुतरं. घरून शिकवणं म्हणजे सुखच, असं बाईंनी चार जणींना फोन करकरून सांगितलं. मग मंडई उघडली.

खरं तर शाळा आणि मंडई यांचं भांडण जुनं आहे. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. 1886 मध्ये गव्हर्नरच्या नावाने 'रे मार्केट' उभं राहिलं आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. अत्रे स्वतः हेडमास्तर होते, तेव्हा त्यातली गंमत त्यांना नक्की कळली असणार. आज बाई अपूर्णांक शिकवायला लागल्या की खालून "वीसला पाव, वीसला पाव" सुरू होतं आणि मुलं पावाला चारने गुणून मोकळी होतात. शिक्षण विरुद्ध मंडई या सामन्यात एवढी तडजोड चालते.

घरून शिकवण्याचे फायदे आहेतच. भिडेवाड्याची जागा इथून चालत दहा मिनिटांवर. 1848 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल पडायचा. त्या जादा साडी घेऊन निघायच्या. त्या वाटेपुढे ओट्यापासून खिडकीपर्यंतच्या सात पावलांचं कौतुक काय सांगायचं! बाईंना एकही साडी लागत नाही. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली बोहारणीनेही नाकारलेली सलवार. लक्ष्मी रस्त्यावरची कोंडी नाही, बसचे धक्के नाहीत, आणि दोन तासांमधल्या सुट्टीत ताजी मेथी घरात.

तोटा एकच, पण तो दिवसातून वीसदा येतो. "घरीच तर असतेस." सिलिंडरवाला आला की ती घरीच. शेजारणीचं कुरिअर घ्यायला ती घरीच. शाळेत शिपाईसुद्धा दारावर टकटक करून आत यायचा, घरात सासूबाई मटाराचं ताट घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर बसतात आणि सोलता सोलता तिसऱ्या ओळीतल्या मुलाला "जेवलास का रे?" विचारतात. मुलांना बाईंपेक्षा आजी जास्त आवडते, हे बाईंना कळलंय. त्या बोलत नाहीत.

शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण बाईंनी नोकरी सोडून घरूनच शिकवायचं ठरवलं. आता रविवारी सकाळी साडेसातला कॅलिफोर्नियातली पाच मराठी मुलं येतात. तिकडे शनिवारचे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की इकडे साडेआठ वाजतात आणि तेवढ्यात खालचा आवाज दुप्पट होतो. परवा 'जुडी' शब्द आला. बाईंनी व्याख्या सांगितली, मुलांचे चेहरे कोरे. शेवटी त्यांनी लॅपटॉप उचलून खिडकीत धरला. खाली एक मावशी कोथिंबिरीवर पाणी मारत होत्या. त्यांनी वर पाहिलं, जुडी हवेत नाचवली आणि ओरडल्या, "दहाला एक! पाठवू का वर?" पलीकडून पाच आवाज एकदम आले, "हो!" बावीस वर्षांत बाईंच्या कुठल्याही प्रश्नाला असं उत्तर मिळालं नव्हतं.

गणपतीत मात्र वर्ग बंद. शारदा गणपती हाकेच्या अंतरावर, विसर्जनाची मिरवणूक इथल्याच टिळक पुतळ्यापासून निघते; ढोलापुढे कसलं व्याकरण? दहा दिवस पूर्ण सुट्टी. फी महिन्याची.