ग्रँड मार्च: शेजारच्या लग्नाला जाणाऱ्या नवशिक्यांसाठी

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत ख्रिस्ती लग्नाचं रिसेप्शन आहे, आहेराचं पाकीट तयार आहे आणि शेजारच्या आंटींनी बजावून ठेवलंय की नुसतं जेवून पळायचं नाही, नाचायचं. घाबरू नका. चालता येतं ना? मग निम्मं काम झालंच.

हा धीर माझा नव्हे, थ्वानो आर्बोचा. फ्रान्समधल्या लांग्र गावचा हा पाद्री. १५८९ साली त्याने नाच शिकवणारं पुस्तक काढलं. कायदा शिकून परतलेल्या कॅप्रिओलला पोरींसमोर पाय उचलता येईना म्हणून तो गुरुजींना गाठतो, असा सगळा संवाद.

पूर्वतयारी: मोजे नीट वर ओढलेले, बूट स्वच्छ, मान ताठ. नाक शिंकरणं आणि थुंकणं कमी ठेवा, असंही आर्बो सांगतो. बंद करा म्हणत नाही, कमी ठेवा म्हणतो. माणूस व्यवहारी होता.

आता ग्रँड मार्च, म्हणजे रिसेप्शनमधला जोडीजोडीने चालायचा नाच. एमसी माइकवर पुकारा करतो. नवरा-नवरी पुढे, त्यांच्यामागे बेस्टमॅन आणि ब्राइड्समेड, मग आईवडील, मग नातेवाईक, मग आपण. जोडीदाराचा हात धरून हॉलच्या मधोमध चालत जायचं. टोकाला पहिली जोडी डावीकडे वळते, दुसरी उजवीकडे. दोन्ही बाजूंनी फिरून खाली भेटलात की चौघांची रांग होते, पुढच्या फेरीला आठांची. नवशिके इथेच घोळ घालतात, कारण ते स्वतःच्या पायांकडे बघत असतात. पुढच्या जोडीकडे बघा.

आर्बोच्या काळी या चालण्याला पाव्हान म्हणत. डावा पाय पुढे, उजवा त्याला जुळवा. उजवा पुढे, डावा जुळवा. मग डावा, उजवा, डावा, आणि जुळवा. एवढंच. ढोलावर एक लांब ठोका, दोन आखूड. राजेरजवाडे हे झगे आणि तलवारीसकट करत, कारण मुद्दा नाचाचा नव्हताच, दिसण्याचा होता. कोण कुणाच्या पुढे चालतो, हे दरबार डोळ्यांत तेल घालून बघे. तेव्हा नवऱ्यामुलाच्या थोरल्या काकांना ओलांडून पुढे घुसू नका.

शिवाय नाच हा मुलगा-मुलगी बघण्याचाही कार्यक्रम होता. आपल्याकडे नाही का, कांदेपोहे झाले की मुलीला चार पावलं चालून दाखवायला सांगत? आर्बो हे आडपडदा न ठेवता लिहितो: नाचामुळे एकमेकांचे हातपाय धड आहेत का ते कळतं, आणि शेवटी चुंबनाची मुभा असते ती अंगाला नासक्या मांसासारखा वास तर येत नाही ना, हे बघायला. आपली तपासणी एकतर्फी. त्यांच्यात मुलगाही तपासला जाई, एवढी प्रगती मान्य करायला हवी.

गाडी लावायला जागा मिळेपर्यंत जवळच्या मंडपेश्वर लेण्यात डोकावून या. आत नटराज आहे. आर्बोच्या काळात इथे, साष्टी बेटावर, पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्यातच चर्च थाटलं होतं. आर्बोला कळलं असतं तर त्याने नटराजाची पावलंही लिहून काढली असती, असं मला उगाच वाटतं.

पुढच्या शतकांत पाव्हान मागे पडली, मिन्युएट आला, वॉल्ट्झ आला. नाचाची सुरुवात जोडीजोडीने चालून करायची हौस मात्र काही सुटली नाही.

मार्च संपला की बँड एकदम ठेका वाढवतो. आर्बोच्या काळीही हेच होतं: पाव्हाननंतर गॅलियर्ड. सहा मात्रांत पाच पावलं. चार वेळा पाय पुढे फेकायचा, मग उडी आणि ऐटीत उभं राहणं. इंग्लंडची राणी एलिझाबेथ पन्नाशीनंतरही सकाळी व्यायाम म्हणून सहा-सात गॅलियर्ड नाचे. तुमच्या वाट्याला कोकणी गाण्यांचा मसाला येईल. त्यात पावलं कुणी मोजत नाही. हात वर करा आणि गुडघे सांभाळा.

व्होल्टा हा प्रकार घरीसुद्धा करून बघू नका. त्यात पुरुषाने बाईला उचलून हवेतच पाऊण गिरकी द्यायची असते. आर्बोलाही तो सभ्य वाटत नव्हता, आणि कमरेचा पट्टा बांधून तर तो होणारच नाही.

जेवणाची घोषणा झाली की मात्र क्रमाची, मानाची पर्वा करू नका. सॉरपोटेल पुरतं, त्यासोबत खायचे फुगे आधी संपतात.