सरासरीवरची चांदणी

मागच्या वर्षापर्यंत आमच्या भाईंदरच्या इंद्रलोकात मुलगा आर्ट्सला गेला की आई लिफ्टमध्ये विषय बदलायची. ‘सायन्सचं प्रेशर नको म्हणाला’ एवढं पुटपुटून चौथ्या मजल्याचं बटण दाबायची. यंदा त्याच आर्ट्सच्या पुढे ‘लिबरल’ लागलं, मागे चाळीस लाखांची फी लागली आणि तीच बातमी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोसकट येते. पोरगं मेजरला स्टॅटिस्टिक्स घेणार, जोडीला कॉम्प्युटर सायन्स, मायनरला तत्त्वज्ञान आणि क्रेडिटसाठी कुंभारकाम. उत्तम. आमची काही तक्रार नाही. कुंभारकामाबद्दल तर मुळीच नाही.

तक्रार आहे ती चांदणीबद्दल.

या कॉलेजांची माहितीपत्रकं लग्नपत्रिकेहून जाड कागदावर असतात. आत हिरवळ, हिरवळीवर लॅपटॉप, लॅपटॉपपुढे हसणारी मुलं. (स्टॅटिस्टिक्सचा अभ्यास करताना हसणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.) मधल्या पानावर, पान भरून, एकच आकडा : सरासरी पॅकेज २१ लाख. आणि त्या एकवीसच्या खांद्यावर एवढीशी चांदणी. तिचा अर्थ शोधायला शेवटचं पान उघडायचं, तळाशी जायचं, चष्मा पुसायचा. तिथे लिहिलेलं असतं : ‘नोकरीसाठी नोंदणी केलेल्या पात्र विद्यार्थ्यांपैकी’. ‘पात्र’वर दोन चांदण्या. त्यांचा अर्थ, ‘संस्थेच्या निकषांनुसार’. निकषांवर तीन. तिथे कळतं की निकष केव्हाही बदलण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला आहे. इंद्रलोकात राहायचं म्हणजे तारे दिसायचेच. बाकी इंद्र नावापुरताच. पावसाच्या देवाच्या वस्तीत पाणी टँकरने येतं.

आता हेच उदाहरण दहावीच्या बीजगणिताच्या थाटात मांडू. एका कॉलेजच्या शेवटच्या वर्षात १२० विद्यार्थी आहेत. त्यांतले काही पुढे शिकायला गेले, ते वजा. काहींना नोकरी लागली नाही. त्यांना कॉलेजने उद्योजक म्हटलं, तेही वजा. काही बापाच्या दुकानात बसले, तो ‘फॅमिली बिझनेस’, वजा. काही नुसतेच घरी बसले, त्याला ‘गॅप इयर’ म्हणतात, वजा. उरले १२. त्यांपैकी ११ जणांना वर्षाला प्रत्येकी ९ लाख मिळाले आणि एकाला परदेशात १ कोटी ५३ लाख. तर सरासरी काढा. काढली. २१ लाख आली. पैपैशाने बरोबर, कोर्टात नेली तरी टिकेल. फक्त २१ लाख पगार त्या बारांत एकालाही नाही. आणि त्या एकाचे दीड कोटी तरी कसले? डॉलरला रुपयांनी गुणलेले. त्यात जॉइनिंग बोनस, त्यात चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हाती येणारे शेअर, त्यात विमानाचं तिकीट. तिथल्या घरभाड्याला मात्र कोणी गुणत नाही. तो बिचारा तिकडे रविवारी आठवड्याचा वरणभात करून फ्रीजमध्ये टाकत असेल. त्याला कल्पनाही नाही की इकडे त्याच्या जिवावर अकरा जणांची इभ्रत आणि एका कॉलेजचं आख्खं मधलं पान चाललं आहे. उद्या त्याने नोकरी सोडली तर सरासरी ९ वर येईल आणि जाड कागद परवडणार नाही.

नऊ लाख काही वाईट नाहीत हो. मग नऊच छापा ना! पण नऊ छापले की चाळीसचा हिशेब द्यावा लागतो.

चौकशीच्या नंबरवर फोन लावला. ‘मॅडम, सरासरी कळली. मीडियन किती?’ पलीकडे क्षणभर शांतता. मग गोड आवाजात, ‘सर, मीडियाचा डिपार्टमेंट वेगळा आहे, कॉल ट्रान्सफर करू?’ मी म्हटलं, मीडिया नव्हे, मध्यक. पगार चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला सांगायचा. मॅडम म्हणाल्या, ‘सर, तसा डेटा आमच्याकडे नसतो. पण कॅम्पसवर स्विमिंग पूल आहे.’

राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात सहावं प्रकरण आहे, सांख्यिकी. मध्य, मध्यक, बहुलक, तिन्ही तिथे आहेत. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फारच मोठा निघाला की मध्य फसवतो, तिथे मध्यक बघावा, एवढी अक्कल नवघर रोडवरच्या कुठल्याही क्लासमध्ये मार्चच्या आत पोरांच्या डोक्यात भरतात. आणि तोच विषय चार वर्षं शिकवण्याचे चाळीस लाख घेणाऱ्यांकडे ‘तसा डेटा नसतो’! त्या अख्ख्या माहितीपत्रकात चांदणी नसलेला आकडा एकच : फी. ती सगळ्यांना सारखी. मध्य तोच, मध्यक तोच, बहुलक तोच, प्रमाण विचलन शून्य. स्टॅटिस्टिक्सचं इतकं सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडायचं नाही.

आमच्या शेजाऱ्यांचा भाईंदरलाच स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. पत्रा आला की ते खिशातून मायक्रोमीटर काढतात आणि चारही कोपरे स्वतः मोजतात. ‘शेठ, सरासरी जाडी बरोबर आहे’ असं पुरवठादार म्हणाला तर माल टेम्पोतून उतरू देत नाहीत. पातेलं सरासरीवर टिकत नाही, जिथे पातळ तिथेच फाटतं, हे त्यांना कळतं. या गृहस्थांनी चांदणीवाली सरासरी वाचून मुलाच्या कर्जाच्या अर्जावर सही केली. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. तारण काय, राहतं घर. बँकेने कागद मागितले, टायटल तपासलं, ओसी विचारली, माणूस पाठवून खोल्या मोजून घेतल्या. बँकेला चांदणी चालत नाही.

आणि गंमत अशी, की हे सगळं विषयांचं कडबोळं सरकारने २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरपोच दिलेलं आहे. जून २०२४पासून आपल्याकडे साध्या संलग्न कॉलेजातही मेजर आहे, मायनर आहे, दुसऱ्या विद्याशाखेतला ओपन इलेक्टिव्ह आहे. एका वर्षाने सोडलंत तर सर्टिफिकेट, दोनने डिप्लोमा, तीनने पदवी, चारने ऑनर्स. म्हणजे स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर आणि तत्त्वज्ञान विरार लोकलच्या पासात बसतं. कागदावर. खिडकीवर गेलात की क्लार्क यादीवर बोट ठेवून सांगतो, ‘हे नाही, हे नाही, याला सर नाहीत, हे घ्या.’ ‘हे’ म्हणजे ताणतणाव व्यवस्थापन. निवडीचं स्वातंत्र्य असं, की सगळ्या वर्गाने एकच विषय निवडलेला असतो.

सर नाहीत, कारण सरांची जागा भरलेली नाही. ती वर्षानुवर्षं भरलेली नाही. मुलांना घडवायला धोरण आहे, धोरणाला कार्यशाळा आहे, कार्यशाळेला जेवण आहे, फक्त वर्गात उभा राहणारा माणूस पगारावर ठेवायला पैसे नाहीत. म्हणून तासिका तत्त्व. माझ्या ओळखीचे स्टॅटिस्टिक्सचे एक सर आहेत. सेट झाले, पीएचडी झाले, केस पांढरे झाले. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधला डबा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर. शिकवलेल्या तासाचे पैसे, तेही महिनोन्महिने अडकलेले. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. मे महिन्यात भूक असते की नसते हे कुठल्या जीआरमध्ये पाहायचं? ज्या माणसाच्या तोंडून मध्यक ऐकून पोरांनी कोट्यवधींची पॅकेजं मिळवायची, त्याचं स्वतःचं पॅकेज छापा ना मधल्या पानावर! पान भरून छापा! नाही छापणार, कारण तो आकडा सरासरीत घातला तर सरासरीच बसेल. २९ जूनला राष्ट्रीय सांख्यिकी दिन असतो, ऐन प्रवेशाच्या धामधुमीत. भाषणाला या सरांनाच बोलावलं. भाषण तासिकेत धरत नाहीत, त्यामुळे मानधन नाही. शाल दिली आणि हातात नारळ दिला. तासिका तत्त्वावरच्या माणसाच्या हातात नारळ ठेवताना निदान आधी सांगावं तरी, की हा सत्काराचा आहे.

शेजाऱ्यांच्या मुलाचा प्रवेश नक्की झाल्यावर त्यांनी याच सरांना घरी शिकवणीला विचारलं, पाया पक्का व्हावा म्हणून. सर म्हणाले, जमेल, पण शनिवार सोडून. शनिवारी त्यांना एका कॉलेजची एसी गाडी न्यायला येते. कुठलं कॉलेज, ते विचारल्यावर त्यांनी टीपॉयवरचं जाड माहितीपत्रक उचललं आणि प्राध्यापकवर्गाचं पान उघडलं. वरच्या ओळीत त्यांचाच फोटो होता, सूटमध्ये. सूट कॉलेजचा. मानधन तासावर.