अनोळखी सर्व्हरला ‘यस’ म्हणण्याविषयी

दूरच्या संगणकात लॉगिन करण्याच्या शास्त्रावर आजवर उदंड लिहिले गेले आहे. कूटलेखनाची गणिते, किल्ल्यांची लांबी, देवाणघेवाणीचे टप्पे यांवर विद्वानांनी आयुष्ये वेचली. परंतु या साऱ्या व्यवहारात माणसाच्या विवेकबुद्धीवर जे एकच काम सोपवलेले आहे, त्याकडे कोणी ढुंकून पाहिलेले नाही. ते काम म्हणजे नव्या सर्व्हरशी पहिली गाठ पडते तेव्हा वाय, ई, एस ही तीन अक्षरे टंकून एंटर दाबणे. विषय क्षुल्लक आहे, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाही. क्षुल्लक विषयांवर लिहायचे नाही असे ठरले, तर विद्यापीठांची ग्रंथालये ओस पडतील.

आता पूर्वपीठिका. ती गाळता येत नाही, तिच्यावाचून प्रबंध पातळ दिसतो. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संगणकात लॉगिन करायला घेतले. ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला आणि पलीकडचा संगणक आडवा झाला. तासाभराने जमले. हे दोन्ही संगणक ज्या जाळ्याने जोडले होते त्या अर्पानेटवरचे पहिले काम लॉगिनचे आणि पहिली फजितीही लॉगिनचीच, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे दूरच्या लॉगिनसाठी टेलनेट रूढ झाले. १९८३ साली आरएफसी ८५४ या दस्तऐवजाने त्याचे नियम पक्के केले. टेलनेटमध्ये दोन्ही बाजूंची बोलणी ‘मी करीन’, ‘मी करणार नाही’, ‘तू कर’, ‘तू करू नकोस’ एवढ्या चार क्रियापदांवर भागतात. टंकलेले अक्षर पडद्यावर कोणी उमटवायचे, हेही असेच ठरते. १ एप्रिल १९७८ रोजी तर ‘मधूनमधून माहिती गहाळ करशील का?’ असे समोरच्याला विचारण्याचा पर्याय आरएफसी ७४८ म्हणून रीतसर प्रसिद्ध झाला. तारीख पाहावी. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच. मूळ टेलनेटात ‘आहेस का?’ असे विचारण्यासाठी खास संकेत राखून ठेवला होता, ‘कोण आहेस?’ असे विचारण्याची सोय मात्र नव्हती. समोरचा असला म्हणजे झाले. पासवर्ड उघड्या अक्षरांत जाई आणि वाटेत जो कोणी कान लावून बसला असेल त्याला तो आयता मिळे. बर्कलीकरांच्या आरलॉगिनने पुढची पायरी गाठली. ‘डॉट-आरहोस्ट्स’ या फाइलीत ज्या यंत्राचे नाव, त्याच्यावर पूर्ण विश्वास. आणि तिथे अधिकची दोन चिन्हे शेजारी शेजारी लिहिली की कोणत्याही यंत्रावरून कोणीही यावे. ही दोन चिन्हे खरोखर लिहिणारे महाभाग होऊन गेले.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असाच पासवर्ड हेरण्याचा प्रकार उघडकीस आला. तेव्हा तिथल्या तातू यलोनेन यांनी सारी बोलणी कूटलेखनात नेणारे एसएसएच लिहून काढले. २१ क्रमांकाचे पोर्ट एफटीपीकडे, २३ टेलनेटकडे आणि मधले २२ रिकामे. तेच त्यांनी पत्र लिहून मागितले आणि दुसऱ्याच दिवशी मिळालेही. (आज एवढ्या अवधीत पोचपावतीसुद्धा येत नाही.) एसएसएचमुळे ‘कोण आहेस?’ हा प्रश्न शास्त्रात आला आणि त्याचे उत्तर तपासण्याची जबाबदारी पडली माणसावर. इथून आमचे क्षेत्र सुरू होते.

प्रसंग असा. पहिल्या भेटीत सर्व्हर आपली सार्वजनिक किल्ली पुढे करतो. ती आपल्या वहीत, म्हणजे ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलीत, नसते. मग प्रोग्रॅम कबूल करतो की हा खरा कोण आहे याची खात्री मला देता येत नाही, याचा ठसा अमुक आहे, तरी पुढे जायचे का? ठसा म्हणजे त्रेचाळीस अक्षरांची लड: मोठी लिपी, लहान लिपी, आकडे, मध्येच एखादी तिरकी रेघ. दारावर थाप पडावी, आतून ‘कोण?’ विचारावे, बाहेरून ‘मी!’ असे उत्तर यावे आणि तेवढ्यावर कडी निघावी, असा हा सोहळा आहे. खरे तर हा ठसा सर्व्हरच्या मालकाकडून दुसऱ्या वाटेने मिळवून पडद्यावरच्या ठशाशी ताडून पाहायचा असतो. तसे न करता पुढे गेले आणि पलीकडे सोंगाड्या निघाला, तर पासवर्ड बसल्या जागी त्याच्या हाती पडतो. किल्लीने लॉगिन करणाराचा धोका कमी, कारण त्याची सही त्या एका जोडणीपुरतीच चालते, ती उचलून दुसरीकडे वापरता येत नाही.

हे ज्ञान परंपरेने कसे संक्रमित होते, याचा नमुना हिंजवडीतल्या कोणत्याही मजल्यावर ऐकायला मिळतो:

‘सर, हा काहीतरी विचारतोय.’

‘यस कर.’

‘वाय दाबलं. परत विचारतोय.’

‘नुसतं वाय नाही घेत तो. पूर्ण लिही, यस.’

‘आणि हे वरचं लांबलचक काय आहे?’

‘ते असतं.’

शेवटच्या दोन शब्दांत जे तत्त्वज्ञान सामावले आहे, त्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. तूर्त मूळ संहितेकडे वळू. ओपनएसएसएच या एसएसएचच्या रूढ अवताराचा स्रोत उघडून पाहिला असता असे आढळते की मोठ्या लिपीतला यस चालतो, अर्धा मोठा अर्धा लहान चालतो, आधी चार रिकाम्या जागा सोडल्या तरी चालतो. फक्त वाय चालत नाही. काहीही न लिहिता एंटर दाबले तर तो नकार धरला जातो, म्हणजे इथे मौनाला संमती मानलेले नाही. एका अक्षराऐवजी तीन मागण्यामागे माणसाने क्षणभर थांबावे असा हेतू असावा, असे आमचे अनुमान. तथापि वाय उजव्या हाताखाली आणि ई व एस डाव्या हाताखाली येत असल्याने हा थांबा सरावलेल्या हाताला जाणवतसुद्धा नाही.

टंकणाऱ्यांचे संप्रदाय अनेक. त्वरावादी बहुसंख्य; प्रश्न पुरता उमटायच्या आत त्यांचा यस तयार असतो. अष्टाक्षरी पंथाचे लोक ठशाची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहतात आणि मधल्या पस्तिसांवर श्रद्धा ठेवतात. विलोपवादी सेटिंगमध्येच प्रश्न बंद करतात आणि वही ‘डेव्ह-नल’ या अथांग खड्ड्याकडे वळवतात. कोणाची ओळख विचारायची नाही आणि झालेली ठेवायचीही नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने तर वहीतली नावे वाचता येऊ नयेत अशी ती लिहिण्याची रीत पाडली. चोरापासून बचाव म्हणून हे उत्तमच, पण आपण आजवर कोणाकोणाला यस म्हटले, हे वही उघडून आता म्हणणारालाही सांगता येत नाही.

माणसे अक्षरे वाचत नाहीत हे ओळखून २००८ साली चित्राचा तोडगा निघाला. सतरा बाय नऊ चौकटींचा पट, मधोमध बुद्धिबळातला उंट, आणि ठशातल्या दर दोन बिटांना त्याने तिरके एक पाऊल टाकायचे. ज्या घरात तो वरचेवर जाईल तिथले चिन्ह बदलत जाते. भिंतीला लागला की तिलाच घसटत राहतो. अभ्यासकांत हा झिंगलेला उंट म्हणूनच ओळखला जातो. सध्याच्या ठशाला तो १२८ पावले चालतो. शेवटी टिंबे, अधिकची चिन्हे आणि तारे यांची जी रांगोळी उमटते, ती नजरेत बसावी आणि बदलली तर खटकावी, अशी अपेक्षा. ही सोय मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. चालू केलेले आम्हांस भेटले. ते म्हणाले, छान दिसतं.

ओळखीच्या सर्व्हरची किल्ली बदलली तर मात्र प्रोग्रॅम प्रश्न विचारत नाही, बोंब ठोकतो. ‘ॲट’ चिन्हांची चौकट, आत मोठ्या लिपीत धोक्याचा इशारा, आणि जोडणी बंद. यावर जनांचा उपाय म्हणजे वहीतली जुनी नोंद खोडणे. काही वितरणांत त्याचा हुकूम इशाऱ्याखालीच छापून येतो, तो उचलून चिकटवला की झाले. मग पुन्हा पहिली भेट, पुन्हा यस. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए किल्ली बदलली, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक भांडारात उघडा पडला होता. ती किल्ली ज्यांच्या वहीत होती त्यांना ही चौकट दिसली, आणि त्या वेळी नोंद खोडणे हाच बरोबर उपाय होता. त्वरावाद्यांना एवढा आधार पुरेसा आहे. ते तो पुढची वीस वर्षे देतील.

२०१९ साली ओपनएसएसएचच्या आवृत्ती ८.० ने आणखी एक वाट काढली. यस लिहायचे नसेल तर उत्तरादाखल ठसाच चिकटवावा. जुळला तर प्रवेश, एका अक्षराची लिपी चुकली तरी नाही. मालकाकडून आलेला ठसा यंत्रानेच ताडावा, माणसाच्या डोळ्यांवर भिस्त नको, ही योजना निर्दोष आहे. ठसा कुठून उचलायचा एवढेच ठरायचे बाकी राहते, आणि सर्वांत जवळ तो त्याच पडद्यावर, प्रश्नाच्या वरच्या ओळीत छापलेला असतो.